वाचनालयाच्या भिंतीवरचा दिनमान-पट: भाट्ये, रत्नागिरी येथील प्रकल्प नोंदी

१४ सप्टेंबर

काम ठरलं. वाचनालयाच्या पडवीतल्या मोकळ्या भिंतीवर दिनमानाचा पट रंगवायचा. दर पंधरवड्याला आपल्याकडे दिवस किती तास-मिनिटांचा असतो ते एका रकान्यात, शेजारी वेगवेगळ्या अक्षांशांवरच्या गावांचे रकाने. समितीतले एक म्हणाले, "मोबाईलवर सगळं असतं, तेच उतरवून काढा." उतरवायचंच असेल तर ते पेंटरही करील, मी कशाला हवी? म्हणून अट घातली: रत्नागिरीचा रकाना इथे मोजून भरायचा, बाकीचे गणिताने. मान्य झाली. कोणाला फारसा फरक पडत नव्हता, हे खरं कारण.

पहिली अडचण लगेच समोर आली. इथे सूर्य उगवताना दिसत नाही. पूर्वेला सडा, म्हणजे कातळाचं पठार, त्यामागे डोंगर. ऊन अंगणात उतरतं तोवर सूर्य चांगला वर आलेला असतो. पश्चिमेला मात्र समुद्र, मावळती अगदी उघडी. दिवस मोजायला दोन टोकं लागतात आणि आपल्या हातात एकच.

तोडगा असा की सकाळ मोजायचीच नाही. उगवतीपासून मध्यान्हापर्यंत जितका वेळ, तितकाच मध्यान्हापासून मावळतीपर्यंत. दिवसभरात सूर्य उत्तर-दक्षिण सरकतो, पण त्याने पडणारा फरक काही सेकंदांचा, तो सोडून देता येतो. म्हणजे मध्यान्ह अचूक पकडला आणि सूर्यास्त अचूक टिपला की दोहोंमधलं अंतर दुप्पट केलं, झाला दिवस. मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत, सूर्य दक्षिणोत्तर रेषेवर येतो तो क्षण.

१९ सप्टेंबर

शंकू उभा केला. १२० सेंटिमीटर सरळ सळई, बादलीत सिमेंट ओतून बसवली, ओळंब्याने सर्व बाजूंनी तपासली. खालची जमीन वाचनालयामागचा कोबा. लेव्हल लावून पाहिलं, एका कोपऱ्यात उतार होता तेवढी जागा टाळली.

सर्वांत आखूड सावली कधी पडते हे बघत बसण्यात अर्थ नाही. मध्यान्हाच्या आसपास सावलीची लांबी इतकी हळू बदलते की पाच मिनिटं इकडे-तिकडे कळतही नाहीत. त्यापेक्षा जुनी रीत बरी. शंकूभोवती वर्तुळं काढायची. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला आत शिरताना स्पर्श करतं ती वेळ लिहायची, दुपारी बाहेर पडताना करतं ती लिहायची. दोहोंचा मध्य म्हणजे मध्यान्ह. तीन-चार वर्तुळं काढली की तेवढे मध्य मिळतात आणि त्यांची सरासरी मिनिटाच्या आत बसते. दोन स्पर्शबिंदू जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम, ती फुकटात मिळते.

भाची नववीत आहे, तिला वेळा लिहायला बसवलं. तिचा पहिला प्रश्न, "मावशी, सावलीचं टोक नक्की कुठलं धरायचं?" रास्त प्रश्न. सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे टोकाला सेंटिमीटरभर धूसर पट्टा पडतो. त्या पट्ट्याचा मध्य धरायचा ठरवलं आणि वर्षभर तोच धरायचा.

२२ सप्टेंबर

विषुवदिन. सकाळपासून ढग ये-जा करत होते, दुपारी मोकळीक मिळाली. मध्यान्ह १२:३०. सावली साडेछत्तीस सेंटिमीटर.

या एका मापाचं मोल मोठं आहे. विषुवदिनी सूर्य विषुववृत्तावर असतो, म्हणून मध्यान्ही तो डोक्यावरच्या बिंदूपासून जितका खाली दिसतो तितका आपला अक्षांश. ३६.५ भागिले १२० म्हणजे ०.३०४, त्यावरून कोन १६.९ अंशांचा. नकाशात भाट्ये १७ अंशांना किंचित कमी. विषुवाचा नेमका क्षण आज दुपारनंतरचा होता, मध्यान्ही सूर्य अजून जरासा उत्तरेलाच होता, त्यामुळे सावली थोडी आखूड येणारच. माप बरोबर आहे.

बारा अंगुळांच्या शंकूची विषुवदिनी मध्यान्ही पडणारी सावली म्हणजे पलभा. आपला शंकू १२० सेंटिमीटर, तेव्हा १० सेंटिमीटर म्हणजे एक अंगुळ धरलं की रत्नागिरीची पलभा साडेतीन आणि पावणेचार यांच्या मधली, ३.६५. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. पुढे लागणार आहे.

संध्याकाळी सूर्य ढगात गेला. मावळती नाही.

३० सप्टेंबर

मध्यान्ह १२:२७, सूर्यास्त ६:२७. म्हणजे आजचा दिवस बरोबर बारा तासांचा.

पुस्तकात २२ सप्टेंबरला दिवस-रात्र समान असं छापलेलं असतं. आपल्याकडे ते समान झाले आठवड्याने. विषुवदिनी इथे दिवस १२ तास ७ मिनिटांचा भरतो. दोन कारणं. सूर्यास्त आपण तबकडीचा मध्य बुडाला म्हणून धरत नाही, वरची कड बुडाली म्हणून धरतो; ती १६ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). आणि क्षितिजाजवळचा प्रकाश हवेतून वाकून येतो, त्यामुळे सूर्य ३४ कला वर उचललेला दिसतो. एकूण ५० कला. आपल्या अक्षांशावर एवढं अंतर उतरायला सूर्याला साडेतीन मिनिटं लागतात. सकाळी साडेतीन, संध्याकाळी साडेतीन. पाण्याला टेकलेला, किंचित चपटा सूर्य आपण पाहतो तेव्हा तो गणिताने आधीच बुडालेला असतो.

पटावर कोणता आकडा लिहायचा, गणिती की डोळ्यांना दिसणारा? दिसणारा. वाचनालयात येणारा माणूस किनाऱ्यावर जाऊन पडताळणार, तर त्याला तो जुळायला हवा.

५ ऑक्टोबर

भाचीला मोठ्या मुलांबरोबर सड्याच्या कडेवर पाठवलं, समुद्रापासून साधारण साठ मीटर उंचीवर. मी पुळणीवर. दोघींचे मोबाईल आधी जुळवून घेतले. तिचा सूर्यास्त माझ्यानंतर पाऊण मिनिटाने झाला. उंचावरून क्षितिज खाली झुकतं, हिशेबाने एवढाच फरक यायला हवा होता. यापुढे सगळ्या वेळा पुळणीवरूनच घ्यायच्या.

मुलं वरून पळत खाली येऊन तोच सूर्य पुन्हा बुडताना बघता येईल का यावर वाद घालत परतली. पाऊण मिनिटात साठ मीटर? वरून खाली नाही. खालून वर लिफ्ट असती तर एक वेळ.

१८ ऑक्टोबर

मोजणी नाही, शेजारच्या खलाटीत भाताची कापणी. काकांना विचारलं की गरवं (उशिरा पिकणारं) भात उशिरा लावलं तरी जवळपास त्याच सुमारास का निसवतं (लोंब्या बाहेर काढतं). "पाऊस सरला, थंडी लागली की येतंच ते," एवढंच उत्तर. पण जुन्या गरव्या जातींना कळतं ते थंडीपेक्षा दिवस आखडण्याचं. भात हे लहान दिवसाचं पीक. अशा जाती दिवस पुरेसा लहान झाल्याशिवाय पोटरी धरत नाहीत, मग लावणी आठवडाभर पुढे-मागे झाली तरी निसवणं फारसं हलत नाही. हळवी भातं याला बांधलेली नाहीत, ती आपले ठरावीक दिवस भरले की तयार. माणसाला घड्याळाशिवाय न कळणारी दहा-वीस मिनिटं रोपाला कळतात.

२ नोव्हेंबर

आज मोजमाप बाजूला ठेवून वहीच्या पहिल्या पानावरच्या ३.६५ ला हात घातला.

मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ. त्यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ.स. १५२० ला, ग्रहलाघव हा ग्रहगणिताचा ग्रंथ रचला. त्यानंतर महाराष्ट्रातली पंचांगं कित्येक पिढ्या त्यावरून होत राहिली. त्यांची ख्याती अशी की ज्या, म्हणजे आपण शाळेत शिकतो ती साइनची कोष्टकं, त्यांनी गणितातून वगळली आणि बेरीज-गुणाकारावर काम भागवलं. दिनमानाचा त्यांचा नियम इतका लहान आहे की हातावर लिहिता येईल. पलभा तीन ठिकाणी मांडा. पहिलीला १० ने गुणा, दुसरीला ८ ने, तिसरीला १० ने गुणून ३ ने भागा. ही झाली तीन चरखंडं, पळांमध्ये. मार्चच्या विषुवानंतर सूर्य पहिली सायन रास (विषुवबिंदूपासून मोजलेले पहिले तीस अंश) ओलांडेपर्यंत अर्धा दिवस पहिल्या खंडाइतका वाढतो, दुसऱ्या राशीत दुसऱ्या खंडाइतका, तिसरीत तिसऱ्याइतका. पुढे त्याच क्रमाने उलटा उतरतो. सहा महिने वाढीचे हे हिशेब, सहा महिने घटीचे.

एक पळ म्हणजे २४ सेकंद, साठ पळांची एक घटी, साठ घटींचा अहोरात्र. आपली पलभा घालू:

पहिलं खंड ३६.५, दुसरं २९.२, तिसरं १२.२. बेरीज ७८ पळं, सुमारे ३१ मिनिटं. ही अर्ध्या दिवसाची वाढ, पूर्ण दिवसाची दुप्पट, ६२ मिनिटं. म्हणजे सर्वांत मोठा दिवस १३ तास २ मिनिटं, सर्वांत लहान १० तास ५८.

आता तेच आधुनिक सूत्राने. अक्षांशाचा टॅन्जंट गुणिले क्रांतीचा (सूर्य विषुववृत्तापासून जितके अंश उत्तरेला वा दक्षिणेला, त्या कोनाचा) टॅन्जंट, त्यावरून कोन, कोनावरून वेळ. तबकडी आणि वाकणारा प्रकाश सोडून हिशेब केला तर १३ तास १ मिनिट. पाचशे वर्षांपूर्वीच्या तीन गुणाकारांत फरक पडला तो मिनिट-दीड मिनिटाचा! तोही कुठून आला ते शोधलं. जुन्या ग्रंथांत सूर्याची सर्वांत मोठी क्रांती २४ अंश धरतात, आज ती २३.४४ आहे. सूत्रात २४ घातले की १७ अंशांसाठी उत्तर १३ तास २.६ मिनिटं येतं, आणि पूर्ण १७ अंशांची पलभा ३.६७ घेऊन नियमानेही तेच येतं, सेकंदांच्या फरकाने.

१०, ८ आणि ३⅓ या तीन आकड्यांतच सगळा ऋतू आहे. विषुवानंतरच्या पहिल्या महिन्यात आपला दिवस सुमारे २९ मिनिटांनी बदलतो, दुसऱ्यात साडेतेवीस, तिसऱ्यात जेमतेम दहा. म्हणून मार्चमध्ये आणि सप्टेंबरात दिवस धावतो आणि डिसेंबर-जूनमध्ये जागचा हलत नाही. आणि पलभा बाहेरून गुणली जाते, म्हणजे वाढीची ही चाल सर्व गावांची तीच, फक्त पट वेगळी. अक्षांशाचा भाग पलभेत, ऋतूचा भाग खंडांत. दोन्ही इतके सुटे करून ठेवलेले मी शाळेच्या भूगोलात कधी पाहिले नव्हते.

जाता जाता नांदगावची पलभा काढली. अक्षांश १८.४ च्या जरा अलीकडे, पलभा ३.९९. जवळपास पुरी चार अंगुळं. गणेश दैवज्ञांना घरच्या अंगणात चरखंडं तोंडी येत असणार: ४०, ३२, १३.

२२ नोव्हेंबर

मध्यान्ह १२:२३. सूर्यास्त ६:०१. दिवस ११ तास १६ मिनिटं.

मासळी बाजारात म्हणतात, "दिवस किती लवकर मिटतोय." खरंच, वर्षातला सर्वांत लवकरचा सूर्यास्त याच आठवड्यात. पण सर्वांत लहान दिवस अजून महिन्यावर आहे. भाची चक्रावली, ते योग्यच. पटावर हे दाखवायचं की नाही ते बघू.

२१ डिसेंबर

गेले काही दिवस क्षितिजावर धुरकट, सूर्य पाण्याला टेकण्याआधीच विरून जातो. आज सकाळी वारा पडला नाही, संध्याकाळी कड स्वच्छ मिळाली. मध्यान्ह १२:३५, सूर्यास्त ६:०८. दिवस ११ तास ७ मिनिटांच्या आसपास. वर्षातला लहानात लहान.

नोव्हेंबरच्या नोंदीशेजारी ठेवून पाहिलं. दिवस ९ मिनिटांनी लहान झाला, तरी सूर्यास्त ७ मिनिटं उशिरा. कारण मध्यान्हच १२ मिनिटं पुढे सरकला. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळ आहे, जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि तेव्हा वेगाने पळते. शिवाय आस कललेला. दोन्ही मिळून सूर्याचा मध्यान्ह घड्याळापासून कधी मागे कधी पुढे जातो. रत्नागिरीत तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२० ला, फेब्रुवारीच्या मध्याला १२:५१ ला. त्यात भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, आपण ७३.३ वर, ती ३७ मिनिटं कायमची. म्हणून घड्याळातल्या उगवती-मावळतीच्या वेळांवरून दिवस मोठा की लहान हे ठरवायला जाऊ नये. दिवसाची लांबी अक्षांश आणि ऋतू ठरवतात, वेळ मात्र रेखांश, कक्षा आणि सरकारही ठरवतं.

निर्णय: पटावर सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा लिहायच्या नाहीत. फक्त लांबी.

डहाणूच्या मैत्रिणीचा आणि वेंगुर्ल्याच्या चुलतभावाचा सूर्यास्त फोनवर आला. डहाणू ६:०५, वेंगुर्ले ६:०९. दोघांनाही वाटलं होतं की दक्षिणेला आधी मावळेल. गणिताने आज डहाणूला १० तास ५५ मिनिटांचा दिवस, वेंगुर्ल्याला ११ तास ११. एकाच किनारपट्टीवर सोळा मिनिटांचा फरक, सरळ उत्तर-दक्षिण साडेचारशे किलोमीटरांत. जूनमध्ये तोच फरक उलटा होईल, डहाणू १३:२०, वेंगुर्ले १३:०४. आणखी एक गंमत किनाऱ्याच्या तिरकेपणाची. कोकणपट्टी दक्षिणेला जाताना पूर्वेकडे कलते, त्यामुळे वेंगुर्ल्याचा मध्यान्ह डहाणूच्या साडेतीन मिनिटं आधी. म्हणून डिसेंबरात वेंगुर्ल्याला सूर्य ११ मिनिटं आधी उगवतो पण मावळतो केवळ ४ मिनिटं उशिरा. जूनमध्ये याच्या उलट: उगवतीत चारच मिनिटांचा फरक आणि मावळतीत साडेअकरा.

१४ जानेवारी

संक्रांत. सूर्यास्त ६:२२. दिवस ११ तास १२ मिनिटं.

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो म्हणतात. उत्तरायण खरं सुरू झालं २१ डिसेंबरला. निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेली, मकर रास आणि सूर्य उत्तरेकडे वळतो तो अयनबिंदू साधारण सतराशे वर्षांपूर्वी एकत्र होते, आता चोवीस अंशांनी दुरावलेत. हे सांगून लोकांना खजील करण्याची अभ्यासू मंडळींना हौस असते. मला वही वेगळं सांगते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वाढ रोजची शून्याच्या आसपास. आज ती रोजची २८ सेकंद आहे, तिळाएवढी का होईना, मोजता येण्याजोगी. शिवाय मावळती नोव्हेंबरपासून वीस मिनिटं पुढे गेली. बाई अंगणात वाळवण काढायला जाते तेव्हा तिला दिसतं ते हेच. सकाळ मात्र अजून उशिराच होते आहे, वर्षातला सर्वांत उशिराचा सूर्योदय याच आठवड्यात, ७:१० च्या सुमारास.

८ फेब्रुवारी

बाहेरच्या गावांचे रकाने. कोणती गावं घ्यायची यावर समितीत बराच वेळ गेला. शेवटी सिंगापूर, लंडन आणि दोन भारतीय तळ: आर्क्टिकमधलं हिमाद्री आणि अंटार्क्टिकावरचं मैत्री. हे दोन्ही तळ चालवणारी संस्था आपल्याच किनाऱ्यावर आहे, गोव्यात वास्कोला, म्हणून.

सिंगापूर विषुववृत्तापासून दीड अंशही नाही. १२ तास ३ मिनिटं ते १२ तास १२, संपला वर्षभराचा विषय. समोरच्या घरातले बोटीवरचे निवृत्त सारंग (खलाशांचे मुकादम) म्हणाले, "तिथं बारा महिने एकच पाढा." त्यांनीच नार्विकचं सांगितलं, नॉर्वेत, जूनमध्ये लोखंडाचं खनिज भरायला बोट लागलेली आणि मध्यरात्री डेकवर काम दिव्याशिवाय. "झोप नाही लागायची ओ. खिडकीला पुठ्ठा लावलाव तेव्हा लागली."

लंडन, अक्षांश ५१.५. पलभा १५.१ अंगुळं. ग्रहलाघवाचा नियम लावून पाहायचा मोह आवरला नाही. चरखंडांची बेरीज ३२२ पळं, मोठा दिवस १६ तास १७ मिनिटं. सूत्राने, प्रकाशाचं वाकणं सोडून, १६ तास २४. कोकणात बसून रचलेला नियम टेम्सच्या काठी सात मिनिटांनी चुकतो! दिसणारा दिवस तिथे १६ तास ३८, डिसेंबरात ७ तास ५०. वाकणाऱ्या प्रकाशाची भर आपल्याकडे जूनमध्ये पावणेआठ मिनिटं, लंडनला चौदा. तिथे सूर्य तिरका उतरतो, क्षितिजाजवळ रेंगाळतो. मार्चमध्ये लंडनचा दिवस रोज चार मिनिटांनी वाढतो. आपला मिनिटभरही नाही.

भाचीने विचारलं की अक्षांशाने मुळात फरक का पडतो. कोब्यावर खडूने काढून दाखवलं. सूर्य रोज आकाशात ध्रुवाभोवतीचं एक वर्तुळ चालतो. विषुववृत्तावर ध्रुव अगदी क्षितिजावर असतो, त्यामुळे क्षितिज प्रत्येक वर्तुळाचे सारखे दोन भाग करतं, ऋतू कोणताही असो. रत्नागिरीत ध्रुव उत्तरेला १७ अंश वर आहे, क्षितिज तेवढंच कललेलं. सूर्य विषुववृत्तावर असेल त्या दिवशीच बरोबर निम्मे भाग, उत्तरेला असला तर वरचा भाग मोठा, दक्षिणेला असला तर खालचा. ध्रुव जितका वर, काप तितका एका बाजूला सरकतो. सरकत सरकत काप वर्तुळाबाहेरच गेला तर? "तर मावळणारच नाही," ती म्हणाली. हिमाद्री तिला समजावून सांगावं लागलं नाही.

हिमाद्री ७८ अंश ५५ कला उत्तरेला, स्वालबार्डमधल्या न्यू-ओलेसुंडला, २००८ पासून. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या शेवटापर्यंत सूर्य मावळत नाही, ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाही. तिथली पलभा ६१ अंगुळांची. नियमाने अर्ध्या दिवसाची वाढ जवळपास २२ घटी येते, पंधरात मिळवली तर सदतीसच्या घरात. अर्ध्या दिवसाला तीसहून जास्त घटी असूच शकत नाहीत. नियम तिथे मोडतो, पण मोडताना खरं तेच सांगून जातो. मैत्री ७०.८ अंश दक्षिणेला, सगळं उलट. त्या रकान्यात डिसेंबरला २४ आणि जूनला शून्य.

१३ मार्च

पुन्हा बारा तास. विषुवाआधी आठवडाभर.

८ मे

मध्यान्ह १२:३३. शंकूला सावली नाही, बुंध्यापुरता काळा ठिपका. सूर्याची क्रांती आणि आपला अक्षांश आज एकच. मुलं गोळा झाली होती, कोणी बादली उलटी ठेवून, कोणी पाण्याची बाटली. दुसरा असा दिवस ५ ऑगस्टच्या आसपास येतो, तेव्हा पाऊस.

आजचा दिवस १२ तास ५० मिनिटांचा. उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर आहोत असं घामाला वाटतं, पण अजून अठरा मिनिटं वाढायची आहेत. इथली उष्णता दिवसाच्या लांबीवर ठरत नाही. जून उजाडला, ढग आले की सर्वांत मोठा दिवस सर्वांत काळोखा होतो. किनाऱ्यावर पाहिलं तर मावळतीची जागा किल्ल्याच्या बाजूला बरीच सरकली आहे. डिसेंबर ते जून ती क्षितिजावर एकूण सुमारे ४९ अंश फिरते, लांब केलेल्या हाताच्या पाच मुठींना जराशी कमी.

२१ जून

पाऊस. सूर्य दिसण्याचा प्रश्नच नाही. सप्टेंबरातच माहीत होतं की जूनचा आकडा इथे मोजता येणार नाही, आणि अट तर मीच घातलेली.

पण तो डिसेंबरात मोजून ठेवलेला आहे. २१ डिसेंबरला सूर्य जितका दक्षिणेला, आज तितकाच उत्तरेला. क्षितिजाने वर्तुळाचा काप तोच केला आहे, वरचा भाग खाली आणि खालचा वर. तबकडी आणि वाकणारा प्रकाश नसते तर आजचा दिवस डिसेंबरच्या रात्रीइतकाच असता. ते दोन्ही दिवसालाच भर घालतात, दोन्ही वेळेला, प्रत्येकी पावणेआठ मिनिटं. म्हणून: डिसेंबरची रात्र १२ तास ५३ मिनिटं, अधिक साडेपंधरा. तेरा तास साडेआठ मिनिटं. सूत्रातूनही हेच येतं.

समितीचं म्हणणं, हे मोजलेलं कसं? मोजलेलंच आहे, सहा महिने आधी. रकान्यात १३:०९ लिहिलं.

२९ जून

पेंटर दोन दिवस आला. पडवीत पागोळ्यांचे शिंतोडे येतात म्हणून खालच्या दोन ओळी वर घेतल्या. रकान्यांचा क्रम उत्तरेकडून दक्षिणेकडे: हिमाद्री, लंडन, डहाणू, रत्नागिरी, वेंगुर्ले, सिंगापूर, मैत्री. त्याने लंडनला निळा आणि कोकणातल्या तिघांना एकच हिरवा दिला. दुरून ते तिघे एकाच रेषेत दिसतात, सोळा मिनिटं ब्रशच्या जाडीत हरवतात. शेजारी त्या तिघांचा वेगळा आलेख मोठ्या प्रमाणावर काढायला सांगितला आहे, फक्त साडेदहा ते साडेतेरा तासांचा. त्याची पेन्सिलची आखणी झाली, रंग पाऊस उघडल्यावर. खाली डाव्या कोपऱ्यात पलभा ३.६५ आणि चरखंडं ३६, २९, १२ लिहायला जागा ठेवली आहे. शंकू कोब्यावरच राहणार, बादलीला हिरवा रंग पेंटरने आपणहून मारला.